नंबर नसलेला यूपीआय आयडी: आठ महिने वापरून

मिरजेत माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. क्यूआर चिकटवला तेव्हा त्याखाली काय छापलंय ते मी वाचलंही नव्हतं. ॲपने आपणहून दिलेला आयडी म्हणजे माझा मोबाइल नंबर आणि पुढे बँकेचं शेपूट. पिकोचे पैसे देऊन गेलेल्या एका माणसाचं रात्री साडेदहाला 'हाय, जेवलात का' सुरू झालं, तेव्हा उजेड पडला.

त्याला ब्लॉक केलं. मग प्रोफाइलमध्ये जाऊन दुकानाच्या नावाचा नवा आयडी केला, जुना काढला, क्यूआर नव्याने छापून घेतला. असले मेसेज त्यानंतर आले नाहीत. पाच मिनिटांचं, फुकटातलं काम. दोन वर्षं केलं नाही म्हणून स्वतःचाच राग येतो.

पण 'यूपीआय नंबर' ही सोय वेगळी असते, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. ती चालू असली तर कुणीही तुमचा मोबाइल नंबर टाकून पैसे पाठवायला घेतो आणि बँकेतलं नाव वाचतो. ती वेगळी जाऊन बंद करावी लागते.

नावाला मात्र इलाज नाही. 30 जून 2025 पासून पैसे देणाऱ्याला बँकेत नोंदलेलं नावच दिसलं पाहिजे, असा एनपीसीआयचा (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा) नियम आहे. भलतंच नाव लावून फसवणारे वाढले होते, त्यामुळे नियम पटतो. पण शेजारच्या पार्लरवालीचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली, खात्यावर अजून सासरचं आडनाव. दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "हे नाव कुणाचं ओ?" नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती नव्हती.

यूपीआय लाइट मला सगळ्यात आवडलं: ॲपमध्येच थोडे पैसे आधी भरून ठेवायचे आणि छोटे खर्च त्यातून करायचे. एका वेळी 1000 रुपयांपर्यंत, शिल्लक 5000 पर्यंत. पासबुकात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम येते, पुढचे खर्च नाहीत. आमचं घरखर्चाचं खातं जॉइंट आहे आणि सासरे चष्मा लावून एकेक ओळ वाचतात, तेव्हा पाणीपुरीचे चाळीस रुपये तिथे न दिसलेलेच बरे! फक्त लाइटला पिन लागत नाही, म्हणून फोनला आणि ॲपलाही लॉक हवंच.

आता माझी बाजू. गिऱ्हाइकांचे आयडी माझ्याकडे दिसतात, त्यात कितीतरी जणींचे नंबर उघडे. दिवाळीत साड्यांचा एक व्यापारी म्हणाला, "ताई, तेवढे नंबर द्या की, ऑफर पाठवतो." नाही म्हटलं. पिकोचे पैसे देताना दिसलेला नंबर साड्या विकायला कसा देऊ?

राहिला साउंडबॉक्स. "चारशे पन्नास रुपये प्राप्त झाले" असं तो ओरडला आणि बाकावरची बाई म्हणाली, "तिला साडेचारशे आणि मला सहाशे होय?" अस्तराचा फरक समजावता समजावता दमले. आता आवाज एकदम बारीक करून मशीनमागे ठेवलाय.