मुलींच्या नावांची मोफत अ‍ॅप्स: यादी झकास, अर्थाचा रकाना कच्चा

‘अवीरा’ हे नाव अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये सापडतं आणि समोर अर्थ असतो ‘शूर, धाडसी’. ‘वीर’ दिसला की शूर, एवढाच हिशेब. आधीचा ‘अ’ नकाराचा आहे, याकडे कोणी बघितलेलं नसतं. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, अवीरा म्हणजे नवरा आणि मुलगा दोन्ही नसलेली बाई. हे बारशाच्या दिवशी एखाद्या संस्कृतच्या बाईंकडून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

अ‍ॅपचा खरा उपयोग नावं कानावर पडण्यापुरता. तेवढ्यात ती पैकीच्या पैकी गुण घेतात. वितस्ता (झेलम), इरावती (रावी), रेवा (नर्मदा), लोपामुद्रा, अपाला, घोषा अशी नावं एरवी सुचतही नाहीत. शेवटच्या तिघी ऋग्वेदातल्या आहेत, त्यामुळे उगम शोधत फिरावं लागत नाही. मात्र आपल्याकडच्या नावांत ही अ‍ॅप्स तोकडी पडतात. महाबळेश्वरच्या पंचगंगेतली वेण्णा किंवा कोयना त्यांत क्वचितच दिसते.

‘उगम: संस्कृत’ या शिक्क्यावर तर अजिबात विसंबू नका. वान्या हे रशियन इव्हानचं लाडाचं रूप, तेही मुलाचं. इव्हान म्हणजेच जॉन, म्हणून ‘देवाची कृपा’ हा अर्थ तिथून उचलला जातो आणि वर शिक्का संस्कृतचा बसतो. संस्कृतात वन्या आहे, पण ती रानातली. मायरा इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिलच्या कवितांमुळे रुळलं. इनाया अरबी, अर्थ काळजी किंवा आस्था. नाव परकं असण्यात काहीच वावगं नाही, खोटा दाखला जोडणं वाईट. आणि ‘मिशा’ सुचवणाऱ्या अ‍ॅपला मराठी येत नाही, हे उघडच आहे.

नावरसासाठी, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून नाव ठेवण्यासाठी, अ‍ॅप वापरणार असाल तर आणखी जपून. शोध बहुधा इंग्रजी अक्षरावर चालतो. शततारका नक्षत्राची चरणाक्षरं (चार चरणांची एकेक अक्षरं) गो, सा, सी, सू. पण ‘एस’ दाबलं की शर्वरी, शाल्मली, शरयू धावत येतात. ‘डी’ दाबलं की द आणि ड एकत्र. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो, तिथे अ‍ॅप मुकाट्याने ‘न’ची नावं दाखवतं. पंचांगातलं अवकहडा चक्र, म्हणजे नक्षत्रांच्या अक्षरांचा तक्ता, उघडून अक्षर स्वतः बघा. नाहीतरी नावरस नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं ठेवण्याची रीत आहेच.

बसस्टँडवरच्या पुस्तिका या बाबतीत बऱ्या, कारण अक्षरं देवनागरीत असतात. त्यांचा दोष छपाईचा: शुचीची सूची झाली की शुद्धतेची यादी होते.

पसंतीची तीन-चार नावं उरली की ती देवनागरीत लिहून आपट्यांच्या संस्कृत शब्दकोशात बघा. तिथे नसेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. शब्द पूर्ण सापडत नसेल तर सुरुवातीचा अ, नि, वि सोडून उरलेला भाग शोधा. अवीरासारखा घोटाळा तिथेच पकडला जातो. मग आडनावासकट मोठ्याने हाक मारून बघा. पैसे भरून मिळणारी ‘प्रीमियम’ यादी घेऊ नका, अर्थ तिथेही तपासावाच लागतो. जन्मवेळ आणि फोन नंबर मागणाऱ्या अ‍ॅपला तर रामराम.

घाई करायचं कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नोंदीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क. एकदा घातलेलं नाव आवडलं नाही म्हणून जन्मदाखल्यावर सहज बदलून मिळत नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा अंकशास्त्राच्या नादाने अ‍ॅपने इंग्रजी स्पेलिंगमध्ये घुसवलेला जास्तीचा ‘ए’ अर्ज भरण्याआधीच काढून टाका.