प्री-व्हॅक्यूमसाठी कोणतं मशीन घ्यावं: अपराइट, बॅकपॅक की काउंटर-रोटेटिंग?

प्री-व्हॅक्यूम म्हणजे कार्पेट ओलं धुण्याआधी त्यातला कोरडा केर व्हॅक्यूमने काढून घेणं. कार्पेटमधला बहुतांश मळ कोरडा असतो. रेती, माती, केस, कापडाचे तंतू हे सगळं कोरडं असेपर्यंत सहज निघतं. त्यावर प्री-स्प्रे (धुण्याआधी फवारायचं मळ सोडवणारं द्रावण) पडला की त्याचा चिखल होतो, मग एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पाणी मारून परत ओढून घेणाऱ्या मशीनच्या, वँडच्या (दांड्याच्या) फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात आणि केसांचे बोळे त्याच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात. धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, तरीही घाई असली की पहिली काट याच कामावर बसते. म्हणून मशीन निवडताना ते किती केर उचलतं याच्याबरोबर आणखी एक गोष्ट बघायची: आपला माणूस ते गाडीतून काढून वरच्या मजल्यावर नेईल का?

खरेदीला गेलेला माणूस आधी वॅट विचारतो. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते, एवढंच. युरोपीय संघाने 2014 मध्ये घरगुती व्हॅक्यूमवर 1600 वॅटची आणि 2017 मध्ये 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली कार्पेटं स्वच्छ होतच राहिली. विचारायचं ते हवेच्या प्रवाहाबद्दल आणि ब्रशबद्दल. रेती जड, ती पाइलच्या, म्हणजे कार्पेटच्या उभ्या धाग्यांच्या, तळाशी जाऊन बसते. ब्रशने ती हलवून मोकळी करायची आणि हवेने वर ओढून न्यायची, अशी ही जोडगोळी आहे. दाट कट पाइलवर (टोकं कापलेल्या धाग्यांच्या कार्पेटवर) नुसत्या ओढीने वरवरचा केर जातो, तळाची रेती तिथेच राहते.

म्हणून माझं पहिलं मत अपराइटला, म्हणजे तळाशी फिरता ब्रश असलेल्या, दांड्याने ढकलायच्या उभ्या व्हॅक्यूमला. त्यातही दोन जाती आहेत. एका मोटरच्या साध्या अपराइटमध्ये केर पंख्यातूनच पिशवीत जातो. हवेचा रस्ता आखूड असल्याने ओढ चांगली मिळते, मशीन हलकं आणि स्वस्त असतं. पण एखादं नाणं किंवा स्क्रू आत गेला की थेट पंख्याच्या पात्यावर आदळतो. शिवाय बहुतेकांचा ब्रश त्याच मोटरवर चपट्या बेल्टने फिरतो, आणि बेल्ट सैल पडला की ब्रश गालिच्यावर टेकताच मंदावतो. आवाज तोच येत राहतो, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

दोन मोटरच्या अपराइटमध्ये ब्रशला स्वतंत्र मोटर असते आणि ओढणारी मोटर पिशवीच्या पलीकडे, म्हणजे तिच्याकडे गाळलेली हवा येते. चांगल्या मॉडेलमध्ये ब्रश अडकला की दिवा लागतो किंवा ब्रश आपोआप थांबतो. अंगावरच होज (नळी) असतो, कडा आणि कोपरे त्याच मशीनने होतात. वजन आणि किंमत दोन्ही जास्त, तरी रोज वापरायचं असेल तर हेच घ्यावं. घरांसाठी 14-15 इंची रुंदी पुरते. 18 इंची मशीन मोकळ्या हॉलमध्ये छान पळतं, पण पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत शिरत नाही.

बॅकपॅकचं खरं राज्य जिन्यावर आणि खुर्च्या-टेबलांच्या जंगलात. हात मोकळा राहतो आणि काम झपाट्याने उरकतं. ऑफिसातल्या आखूड लूपच्या (न कापलेल्या, वळवलेल्या धाग्यांच्या) कार्पेट टाइल्सवर तो एकटाही पुरेसा ठरतो, कारण तिथे रेती लपायला खोल जागाच नसते. घरातल्या जाड कट पाइलवर मात्र वेगळं मोटरचं ब्रशहेड लावल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नये. घेण्याआधी पाठीवर चढवून थोडं चालून बघा. वजन कमरेच्या पट्ट्यावर येत नसेल आणि खांदेच ओढले जात असतील, तर महिन्याभरात ते कोपऱ्यात पडून राहील.

काउंटर-रोटेटिंग मशीनमध्ये उलटसुलट फिरणारे दोन दंडगोल ब्रश असतात. साधारणपणे त्यात ओढ नसते. केस आणि जाड केर उसळून बाजूच्या ट्रेमध्ये पडतो. कुत्र्या-मांजरांच्या घरी याला तोड नाही. अपराइटने दोनदा फिरवलेल्या कार्पेटमधूनसुद्धा हे मूठ-मूठ केस काढतं, आणि तो भरलेला ट्रे ग्राहकाला दाखवला की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. बारीक धूळ मात्र मागे राहते, म्हणून व्हॅक्यूम हवाच. पुढे याच मशीनने प्री-स्प्रे घोळवता येतो, त्यामुळे पैसे दोन कामांत वसूल होतात. लांब धाग्यांच्या शॅगवर आणि निसटलेल्या लूपवर ते चालवू नका. एक धागा ब्रशला गुंडाळला की ओळच्या ओळ उसवते.

पाइल लिफ्टर हे दबलेले धागे उभे करणारं वजनदार धूड घ्यायचं ते फक्त चेंगरलेल्या पाइलची मोठी व्यावसायिक कामं सतत मिळत असतील तरच. बिनवायरचं मशीन जिन्यासाठी ठीक. ब्रश जोरात फिरायला लागला की बॅटरी लवकर बसते. वेट-ड्राय व्हॅक्यूमला सहसा फिरता ब्रशच नसतो, तेव्हा तो या स्पर्धेत नाही.

फिल्टरबद्दल थोडं सावध राहा. खरा हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, पण मशीनच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. अमेरिकेतल्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटच्या सील ऑफ अप्रूव्हलसाठी मशीन किती केर उचलतं, किती धूळ बाहेर सोडतं आणि पाइल किती विस्कटतं हे तिन्ही तपासतात, म्हणून तो शिक्का असेल तर वजन द्यावं. पिशवीचं की डब्याचं, यात मी पिशवीच्या बाजूने. ग्राहकाच्या दारात डबा झटकताना उडणारी धूळ कुणालाच नको असते. मात्र प्लास्टरची किंवा जिप्समची बारीक धूळ असेल तर पिशवी रिकामी दिसत असतानाच तिची छिद्रं बुजतात, तेव्हा ती भरायची वाट न बघता बदलायची.

एकच मशीन घ्यायचं असेल तर दोन मोटरचं, पिशवीचं, ब्रश बंद करता येणारं आणि त्याची उंची बदलता येणारं अपराइट. लोकरीच्या शॅगवर आणि ढिल्या लूपवर ब्रश बंदच ठेवावा लागतो. दुसऱ्या मशीनचा विचार हातातल्या कामांवरून करा: प्राण्यांची घरं जास्त असतील तर काउंटर-रोटेटिंग, ऑफिसं आणि जिने जास्त असतील तर बॅकपॅक.

वापरलेलं मशीन घेत असाल तर प्लग काढून ते उलटं करा. तळपट्टीवर एक कार्ड आडवं धरून ब्रश हाताने फिरवा. ब्रशचे केस कार्डाला लागत नसतील तर ते झिजलेत. ब्रशच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगपाशी, केसांची घट्ट वेटोळी दिसतात का ते पाहा. तिथे प्लास्टिक वितळल्याच्या खुणा असतील तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करायची. नवं घेत असाल तर डेमोला आपलं जुनं मशीन सोबत न्या. एका पट्ट्यावर आधी ते सावकाश फिरवा, मग त्याच पट्ट्यावर कोऱ्या पिशवीसह नवं, आणि विक्रेत्यासमोर पिशवी फाडून आत काय आलंय ते बघा. बेल्ट, ब्रश आणि पिशव्या किती दिवसांत मिळतात, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.