आफ्रिकेचा फुटबॉल दौरा: कागदपत्रांना ९ गुण, फुटबॉलला ४

पैसे भरण्याआधी वाचणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. ही दौरे काढणारी कंपनी मुलांना दक्षिण आफ्रिकेत सुखरूप नेते, सुखरूप आणते, आणि व्हिसाच्या कामात तिचा हात धरणारं दुसरं कोणी मी तरी पाहिलेलं नाही. पण फुटबॉल कळणारा एकही माणूस तिच्या ऑफिसात नाही. मुलाने परक्या मैदानावर चार तगडे सामने खेळून यावेत, एवढीच अपेक्षा असेल तर खुशाल जा. पत्रकात छापलेल्या बाकीच्या स्वप्नांसाठी जाणार असाल, तर तेवढ्या पैशांत घराचं छप्पर शाकारून होईल.

मी गोव्यात डिचोलीला पतसंस्थेत नोकरीला आहे. पैशाचा कागद खालपासून वर वाचायची सवय तिथलीच. मुलगा १५ वर्षांखालच्या संघाचा गोलकीपर. संघाबरोबर कोणीतरी बाईमाणूस हवं, रात्री कोणाला ताप आला तर सर एकटे काय करणार, असं ठरलं आणि माझी रजा मंजूर झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असल्या सगळ्याच दौऱ्यांना हे थोडंफार लागू पडेल.

दर मुलामागे २ लाख ३५ हजार. त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि आमच्या वेळी त्यावर आणखी ५ टक्के टीसीएस (कंपनीने सरकारसाठी आधीच गोळा करायचा आयकर), म्हणजे १२ हजारांच्या वर. निम्म्या पालकांना हे टीसीएस म्हणजे कंपनीचीच कमाई वाटत होती. तसं नाही. ज्याच्या नावाने पैसे भरले त्याच्या पॅनवर ती रक्कम जमा होते, आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात दिसते आणि रिटर्न भरताना वळती करून घेता येते. हे कंपनीने कोणालाच सांगितलं नाही. विमानतळावर रांगेत उभं राहून मीच समजावत होते. म्हणून शक्यतो रिटर्न भरणाऱ्या माणसाच्या नावाने भरा, आजीच्या खात्यातून नको.

आता कौतुक. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा म्हणजे कागदांचा डोंगर: आईबाप दोघांची नावं असलेला जन्मदाखला, दोघांचं संमतीपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. गोव्यात जन्मदाखल्यावरचं नाव एक, शाळेतलं दुसरं आणि पासपोर्टवरचं तिसरं असायची परंपराच आहे. एका मुलाच्या बापाचं आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं. कंपनीतल्या त्या मुलीने (वय फार तर पंचवीस, आवाज कधी चढला नाही) प्रत्येक फाइल दोनदा तपासली, प्रतिज्ञापत्रं कोणत्या शब्दांत हवीत ते मराठीत समजावलं, आणि एकाही मुलाचा अर्ज परत आला नाही. संघात एक पोर्तुगीज पासपोर्टवाला मुलगा होता. त्याला व्हिसाच लागत नाही, त्यामुळे तो आठवडाभर ऐटीत होता. तिने त्यालाही जन्मदाखला आणि संमतीपत्र बरोबर घ्यायला लावलंच.

विमान मोपाहून मुंबई, मुंबईहून अदिस अबाबा, तिथून जोहान्सबर्ग. इथियोपिया पिवळ्या तापाच्या यादीत असल्यामुळे लशीचं पिवळं कार्ड कधीही कोणीही मागू शकतो. लस टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. कंपनीने सगळ्यांना वेळेत मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात नेऊन टोचून आणलं. इथे मी पूर्ण गुण देते.

मग जोहान्सबर्ग उजाडलं आणि कंपनीची अक्कल मावळली.

सामानाच्या यादीत ‘हलकं जॅकेट’ लिहिलं होतं. जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. दुपारी छान कोवळं ऊन, पण साडेपाचला अंधार पडतो आणि रात्री पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. आमची मुलं डिचोलीच्या चिखलातून आलेली, स्वेटर म्हणजे त्यांना फोटोतली वस्तू. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी दोघांच्या नाकातून रक्त आलं आणि सगळ्यांचे ओठ फुटले. मी घरून खोबरेल तेलाची बाटली नेली होती, ती रात्री गोठून दगड. गरम पाण्यात धरून वितळवायची आणि रांगेने सगळ्यांच्या ओठांना लावायची, हे माझं रोजचं काम झालं. लिहून ठेवा: थर्मल, कानटोपी, हातमोजे, व्हॅसलीन. आणि चार्जरसाठी अॅडॉप्टर. तिकडच्या भिंतीत आपल्या गिझरच्या प्लगची मोठी तीन भोकं असतात, मोबाइलच्या चार्जरची पिन त्यात नुसती लोंबते.

थंडीपेक्षा उंचीचा त्रास जास्त. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचावर आहे, आणि आम्ही सगळे खाडीकाठची माणसं. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे दम लवकर लागतो; आणि चेंडूला अडवायलाही हवा कमी, म्हणून तो लांब जातो, वेगाने येतो आणि वळतो कमी. सरांना हे ठाऊक होतं. पोचल्यावर पहिल्या सामन्याआधी दोन दिवस मोकळे ठेवा, असं त्यांनी कंपनीला लेखी कळवलं होतं. कंपनीने त्या दोन दिवसांत मॉल आणि सिंहांचं पार्क बसवलं, तेही शेवटी. पहिला सामना पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी, नऊ वाजता, गवतावर दव पांढरं असताना. माझ्या मुलाने पहिली गोलकिक मारली ती थेट समोरच्या गोलकीपरच्या हातात. मैदानावर सगळे हसले, तोही हसला. पाच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून मारलेला फटका त्याच्या डोक्यावरून आत गेला, तेव्हा हसणं थांबलं. मध्यंतरापर्यंत आमचे दोन्ही बॅक कमरेवर हात ठेवून उभे. ०-५.

समोरचा संघ लुसाकाहून बसने आलेला. बसने! झांबियाहून दोन सीमा ओलांडून, दीड दिवस बसून. त्यांच्याकडे जर्सीचा एकच संच होता, रोज रात्री धुऊन वाळवायचे. त्यांचे प्रशिक्षक नंतर आमच्या सरांशी बराच वेळ बोलत बसले. तिकडे या वयाच्या फुटबॉलकडे बघायची नजर वेगळीच आहे. २०१७ साली २० वर्षांखालचा आफ्रिका चषक झांबियाने स्वतःच्या देशात जिंकला, अंतिम सामन्यात सेनेगलला २-० हरवून, आणि त्याच वर्षी विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडक मारून इटलीकडून जादा वेळेत ३-२ असे हरले. पुढे इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीकडून खेळलेला पॅटसन डाका त्याच संघातला. दक्षिणेकडच्या देशांची कोसाफा नावाची संघटना १९९७ पासून आहे. तिच्या १७ आणि २० वर्षांखालच्या स्पर्धांतून आफ्रिका चषकाची पात्रता ठरते. म्हणजे शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या तिथल्या पोराला पुढची पायरी कुठे आहे ते दिसत असतं.

दुसरा सामना १-४. तिसरा एका स्थानिक शाळेशी, २-१ ने जिंकलो, आणि तोपर्यंत मुलांना हवा कळली होती: चेंडू जमिनीवरून, छोटे पास, धावायचं तेव्हाच धावायचं. शेवटचा लेसोथोच्या मुलांशी १-१. लेसोथो म्हणजे डोंगरातला देश, ती मुलं धापा टाकतच नव्हती. या सामन्यात माझ्या मुलाने दोन चेंडू असे अडवले की त्यांच्याच बाजूच्या आया टाळ्या वाजवत उठल्या. म्हणून फुटबॉलला शून्य न देता ४ देते. हे चारही गुण समोरच्या संघांचे आहेत, कंपनीचे नाहीत.

जाण्याआधीचा घोळही सांगून टाकते. क्लबने परदेशी स्पर्धेत उतरायचं तर राज्य संघटनेमार्फत परवानगी लागते. ‘सर्व समावेशक’ पॅकेजमध्ये ही परवानगी नव्हती. सरांनीच खेपा घालून मिळवली. ‘स्टेडियम टूर’ म्हणजे सॉकर सिटीच्या बाहेर बस थांबवून फोटो. २०१० चा अंतिम सामना जिथे झाला, ९४ हजारांच्या आसपास माणसं बसतात, ते मैदान मुलांनी कुंपणाच्या जाळीतून पाहिलं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. पत्रकावर ठळक अक्षरांत: ‘आंतरराष्ट्रीय स्काउटसमोर खेळण्याची संधी’. स्काउट म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारी माणसं. आमच्यातल्या एका बापाने एवढ्या एका ओळीसाठी कर्ज काढलं. मी त्याच्या कर्जाचा कागद पाहिला नाही, पण हप्ता किती बसत असेल ते मला तोंडी सांगता येतं.

फिफाचा नियम साधा आहे: १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली होत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. आईबाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ वर्षांनंतर, सीमेलगत राहणाऱ्यांसाठी, असे. डिचोलीच्या १४ वर्षांच्या पोराला जोहान्सबर्गच्या मैदानावर बघून उद्या कोणी उचलून नेणार नाही, नेऊच शकत नाही. मैदानावर वही घेतलेली दोन माणसं होती खरी. ती आपल्याच देशाची मुलं टिपत होती, आणि बरोबरच करत होती. शेवटच्या दिवशी त्या बापाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “कोणी नंबर मागितला?” सरांनी तोंड फिरवलं. कंपनीच्या माणसाला मी जेवताना हेच विचारलं तर म्हणाला, “ताई, ती मार्केटिंगची भाषा असते.” मग दरही मार्केटिंगच्या भाषेत घ्यायचा होता.

जेवण बरं. सकाळी अंडी, पाव, लापशी. दुपारी कोंबडी किंवा मक्याचं पीठ शिजवून केलेला पाप आणि टोमॅटोचा रस्सा. पाप आमच्या मुलांनी हुमणाशिवाय (माशांच्या कालवणाशिवाय) कसा खायचा म्हणत पहिल्या दिवशी ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मागून घेतला. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणारे तिघे होते. आधी सांगूनही त्यांच्यापुढे ट्यूनाचं सँडविच आलं, ‘मीट नाही’ म्हणून.

१६ जूनला तिकडे युवक दिनाची सुट्टी असते, या दिवसांत म्हणूनच मुलांच्या स्पर्धा असतात. आदल्या दिवशी जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत हेक्टर पीटरसनच्या स्मारकावर नेलं. १९७६ साली शाळेत आफ्रिकान्स भाषेची सक्ती नको म्हणून मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर १२ वर्षांचा होता. कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याला ‘फोटो स्टॉप, २० मिनिटं’ दिली होती. शाळेच्या माध्यमाच्या वादावर दोन पिढ्या भांडलेल्या गोव्यातून आलेल्या माणसाला २० मिनिटं कशी पुरणार? मुलं हेक्टरच्या फोटोपाशी उभी राहून एकमेकांना वयं विचारत होती. ड्रायव्हर सोवेटोचाच, त्याने घड्याळाकडे न बघता तासभर सगळं दाखवलं. बक्षीस द्यायचं असेल तर अशा माणसाला द्या.

डर्बनचा जोडदौरा ऐच्छिक होता, वेगळे ३० हजार. साडेपाचशे किलोमीटरहून जास्त रस्ता, पण गुळगुळीत, आणि वाटेत ड्रॅकन्सबर्गचे डोंगर. खाली उतरल्यावर हवा ओळखीची, समुद्राची. १८ जूनला, आपल्या गोव्याच्या क्रांतिदिनी, मुलं मोझेस मभिदा स्टेडियमच्या कमानीखाली उभी होती. इथे खरंच आत नेलं. १८६० मध्ये ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आलेल्यांचे पणतू-खापरपणतू या शहरात जिकडेतिकडे भेटतात. पोखरलेल्या पावात कालवण भरून देतात त्याला बनी चाव म्हणतात. शेंगदाण्याएवढ्या घेवड्याचा असतो तो शिवराक, तो मागा, आणि चौथा हिस्साच मागा. अख्खा मागितलात तर रात्रीचं जेवण विसरा. डर्बनला ८ गुण. खरं म्हणजे सामनेच तिथे ठेवले असते तर नाकातून रक्तही आलं नसतं.

मी पुन्हा पाठवीन का? यांच्याकडून व्हिसा आणि तिकिटं घेईन; स्पर्धा कोणती, गट कोणता, समोर कोण, किती सामने नक्की, वयाचा पुरावा काय बघतात, हे सरांनी थेट आयोजकांशी बोलून लेखी घेतल्यावर. स्काउटची ओळ खोडून सही घ्या.

एक गोष्ट परत आल्यावर विचारली. शेजारच्या मैदानावर मुलींचेही सामने चालू होते, बोट्स्वानाहून आलेला एक संघ तर बघत राहावा असा. २०२२ मध्ये फातोर्ड्याला १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात टांझानियाने फ्रान्सला २-१ हरवलं, तेव्हा माझी धाकटी माझ्या शेजारी बसून घसा बसेपर्यंत ओरडत होती. आता ती संघात खेळते. मुलींचा दौरा काढता का, म्हणून कंपनीला फोन केला. “मागणी नाही मॅडम,” म्हणाले. डिचोली, साखळी, मये आणि अस्नोड्याच्या अकरा आयांची नावं आणि फोन नंबर त्यांना मेलने पाठवले आहेत. अजून उत्तर नाही.