‘विश यू वेअर हिअर’ पुन्हा तबकडीवर: २०१६ ची आवृत्ती

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम सप्टेंबर १९७५ मध्ये आला आणि त्यानंतर तो इतक्या वेळा छापला गेला की नव्याने घेणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न ‘कोणती प्रत घ्यावी?’ हाच असतो. नाशिकमध्ये तर चार प्रती शेजारी ठेवून, वाजवून, त्यांतली एक निवडण्याची सोय सहसा मिळत नाही. मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते आणि विश्वास ठेवूनच पैसे भरावे लागतात. म्हणून बँडच्या स्वतःच्या पिंक फ्लॉइड रेकॉर्ड्स या लेबलने २०१६ मध्ये काढलेल्या १८० ग्रॅम वजनाच्या विनाइल तबकडीच्या आवृत्तीविषयी सविस्तर लिहीत आहे. जेम्स गुथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी मूळ ॲनालॉग टेपांवरून ती नव्याने मास्टर केली आहे, म्हणजे छपाईसाठीचा अंतिम आवाज नव्याने तयार केला आहे, आणि माझ्या मते या अल्बमची आज घेण्याजोगी प्रत हीच आहे.

तसे म्हणण्याचे कारण पहिल्या चार मिनिटांतच ऐकू येते. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ची सुरुवात बँडच्या कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या सिंथेसायझरच्या एका लांबलेल्या सुरावटीने होते. तिच्या आत काचेच्या पेल्यांच्या कडांवरून ओले बोट फिरवून काढलेले स्वर मिसळलेले आहेत. घरगुती वस्तूंतून संगीत काढण्याच्या ‘हाउसहोल्ड ऑब्जेक्ट्स’ या बँडच्या अर्धवट सोडलेल्या प्रयोगातले ते ध्वनिमुद्रण येथे कामी आले. ताल नाही, घाई नाही. डेव्हिड गिलमोरची गिटार या सुरांवर सावकाश फिरत राहते, आणि जवळपास चार मिनिटांनी ते प्रसिद्ध चार सुटे सूर येतात. पं. द. वि. पलुस्करांचा जन्म ज्या नाशिकातला, तिथल्या श्रोत्याला ही बढत समजावून सांगावी लागत नाही. आलापात षड्ज लागल्यावर गवई पुढच्या स्वराला जितका वेळ देतो, तितकाच वेळ येथे दिला आहे. मात्र इतक्या हळू आवाजाच्या जागी तबकडीतली जराशी चरचरही खटकते. नीट धुऊन घेतलेल्या या प्रतीवर ती जागा खरोखरच शांत राहते. चार सुरांमागची स्टुडिओतली पोकळी जाणवते, प्रत्येक सूर कुठे विरतो तेही कळते, आणि त्यानंतर निक मेसनचे ड्रम येतात तेव्हा आवाज मोठा होतो पण कर्कश होत नाही.

सव्वीस मिनिटांची ही रचना दोन भागांत तोडून अल्बमच्या दोन्ही टोकांना ठेवलेली आहे. पहिली बाजू सुमारे २१ मिनिटांची, दुसरी २३ मिनिटांची. सलग वाजणाऱ्या डिजिटल प्रतीत ‘वेलकम टू द मशीन’च्या शेवटी ऐकू येणारा मेजवानीतला गलका लगेच पुढच्या गाण्याला जाऊन मिळतो, येथे मात्र उठून तबकडी उलटावी लागते आणि तेवढा अवकाश त्या गाण्याला हवाच असतो.

दुसऱ्या बाजूवरची एक जागा या मास्टरिंगची खरी कसोटी आहे. ‘हॅव अ सिगार’ हे गाणे बँडपैकी कोणी नव्हे, तर रॉय हार्परने गायलेले आहे. ते संपता संपता सगळा भरदार आवाज अचानक आक्रसतो आणि एखाद्या लहानशा रेडिओतून यावा तसा ऐकू येऊ लागतो. मग स्टेशने बदलतात, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा निसटता कानावर पडतो आणि शीर्षकगीताची बारा तारांची गिटार त्याच पातळ, दूरच्या आवाजात सुरू होते. थोड्या वेळाने दुसरी गिटार समोर, खोलीत बसल्यासारखी येते. जवळचे आणि दूरचे यांतला हा फरक या प्रतीत स्पष्ट आहे. बोटे तारेवरून सरकल्याचा आवाजही राहू दिला आहे. शीर्षकगीतासाठी स्तेफान ग्रापेली यांनी वाजवलेले व्हायोलिन ज्यांना नीट ऐकायचे आहे, त्यांना २०११ च्या आवृत्तीसारख्या एखाद्या विस्तारित आवृत्तीकडे जावे लागेल. येथे मूळ अल्बमखेरीज काहीही जोडलेले नाही, आणि ते मला योग्य वाटते.

शेवटच्या भागात राइट १९६७ च्या ‘सी एमिली प्ले’ची ओळखीची ओळ हलकेच वाजवतो. ते गाणे बँडचा संस्थापक-गायक आणि नंतर बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेटचे, आणि ‘शाइन ऑन’ही त्याच्याच आठवणीत लिहिलेले. जून १९७५ मध्ये तो अचानक स्टुडिओत आला, तेव्हा जुन्या सोबत्यांनीही त्याला आधी ओळखले नव्हते. ही ओळ बाजूच्या अगदी शेवटी, लेबलजवळच्या खोबणीत आहे, जिथे आवाज सर्वाधिक बिघडतो. सुईची मांडणी अचूक असेल तरच ती स्वच्छ ऐकू येते. हा दोष प्रतीचा नाही, माध्यमाचा आहे.

वेष्टनाविषयी थोडेच. हिप्नोसिस या डिझाइन संस्थेने केलेले मुखपृष्ठ, म्हणजे हस्तांदोलन करणारे दोघे आणि त्यांतला एक पेटलेला, बारा इंची आकारातच पाहावे. आग खरी होती; रॉनी रॉन्डेल या स्टंटमनला खरोखर पेटवले होते.

किंमत तीन हजारांच्या पुढे जाते, ती कमी नाही. १८० ग्रॅम वजनामुळे आवाज सुधारतो असेही मी म्हणणार नाही. वजनदार तबकडी हाताळायला बरी, इतकेच. घरात पडून असलेल्या जुन्या फिएस्टासारख्या पोर्टेबल प्लेअरवर ती लावू नये, कारण त्याची जड सुई खोबण्या खरवडते. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले असताना खिडकी उघडी ठेवून वाजवली, तर एका बाजूतच सुईवर धुळीचा गोळा जमतो. दर वेळी कार्बन ब्रश फिरवावा आणि तबकडी अँटिस्टॅटिक पाकिटात ठेवावी. मागवताना विक्रेत्याला दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावायला आवर्जून सांगावे. माझे पार्सल एका कोपऱ्यावर आपटून आले होते आणि कव्हर मुडपले. तबकडी मात्र सपाट, निर्दोष निघाली.