यूएटीसाठी माणसं तयार करायची: वर्गात की टेबलाशी?

नवं ईआरपी (हिशेब, साठा, बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) येतंय, ते देणाऱ्या व्हेंडरने यूएटीची (वापरणाऱ्यांनीच सिस्टीम स्वीकारण्याआधी तपासून बघण्याची) तारीख दिलीय आणि तपासणार कोण, तर अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅचमधली आठ-दहा माणसं. टेस्टिंग त्यांनी कधी केलेलं नाही. त्यांना तयार करायचे मार्ग मुख्यतः दोन: आधी दोन दिवस वर्ग घ्यायचा, किंवा तासाभरात जुजबी ओळख करून देऊन यूएटी चालू असताना अनुभवी टेस्टरने शेजारी बसायचं. (व्हेंडरच्या तयार टेस्ट केसवर, म्हणजे काय टाकलं की काय यायला हवं या यादीवर, नुसत्या टिका मारून घेण्याचा तिसरा मार्ग मी धरतच नाही. त्यातून व्हेंडरला सही मिळते, बाकी काही नाही.)

वर्गाचा फायदा उघड आहे. सगळ्यांना एकच गोष्ट एकदाच सांगून होते आणि डिफेक्ट, म्हणजे सापडलेली चूक, नोंदवायचा नमुना सारखा राहतो. पण उदाहरणं बहुतेक लॉगिनच्या पानाची असतात. ती ऐकून डिस्पॅचचा माणूस मान डोलावतो आणि सोमवारी विसरतो.

टेबलाशी काय होतं ते सांगतो. इचलकरंजीकडच्या एका कापड व्यापाऱ्याकडे मी डिस्पॅचच्या काकांशेजारी बसलो होतो. टेस्ट केसमध्ये 1,20,000 चं बिल होतं, सिस्टीमने ई-वे बिल (गाडीबरोबर लागणारं जीएसटीचं ऑनलाइन परवानापत्र) मागितलं, पास. मी विचारलं, "काका, तुमची गाडी खरी अडकते कुठे?" म्हणाले, "लाखाच्या काठावर." महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा 1 लाख, राज्याबाहेर 50,000, आणि रक्कम धरायची ती करासकट. त्यांनी 96,000 चा माल टाकला. 5 टक्के जीएसटी धरून 1,00,800 झाले, तरी सिस्टीम गप्प! ती कराआधीची रक्कम बघत होती. मग काकांनी आपणहून परराज्यातलं गिऱ्हाईक निवडून 47,700 टाकले, करासकट 50,085. तिथेही तेच. काठावरच्या किमती तपासायच्या असतात, हे वर्गात स्लाइडवर असतंच. काकांना ते पाच मिनिटांत कळलं, कारण आकडे त्यांचे होते.

डिफेक्ट लिहिण्याचंही तसंच. "बिल बरोबर येत नाही" एवढंच लिहिलेलं डेव्हलपरकडून एकदा परत आलं, की गिऱ्हाईक कोण, रक्कम किती, काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे पुढच्या वेळी न सांगता लिहिलं जातं.

हा मार्ग महाग आहे, हेही खरं. एक टेस्टर एका वेळी दोन-तीन जणांनाच पुरतो. शिवाय टेस्टरचा हात सारखा माउसकडे जातो आणि शेजारचा नुसता बघत बसतो. माउस त्यांच्याच हातात राहील, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

माणसं एकाच ठिकाणी आणि दहाच्या आत असतील तर मी डोळे मिटून टेबल निवडेन. शाखा गावोगाव पसरल्या असतील तर वर्गाला पर्याय नाही. मग निदान प्रत्येकाला गेल्या महिन्यातली सगळ्यात कटकटीची पाच बिलं घेऊन यायला सांगा आणि लॉगिनऐवजी त्या बिलांवरच शिकवा.

मार्ग कोणताही घ्या, तारखा मालकाशी आधी बोलून घ्या. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांकडे 11 आणि 20 तारखेच्या आसपास अकाउंट्सवाले हाती लागत नाहीत आणि महिनाअखेरीला डिस्पॅच. मी 21 ते 27 मागून घेतो.