सहाशे रुपयांत रशिया, चहा वेगळा

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं एका झेरॉक्सच्या दुकानावर माडी आहे. तिथं एप्रिलमध्ये सहा दिवस संध्याकाळी एक वर्ग झाला. कम्युनिस्ट राजवटी गेल्यावर त्या देशांत बाजार कसा आला, कायदा-कोर्टं कशी उभी राहिली आणि लाच कुठून शिरली, असा विषय. शिकवणारे सर कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. फी 600 रुपये. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "31 वर्षं कोर्टात काढली, आता पैसे भरून रशियाच्या कोर्टात चाललाय होय?"

मी बेलीफ होतो. समन्स बजावणं, जप्ती, कब्जा, लिलाव, हे माझं काम. तेव्हा हा अभिप्राय बेलीफाचा आहे असं धरूनच वाचा. वकील मंडळींना वर्ग वेगळा वाटला असेल.

आधी सोयी-गैरसोयी. चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, तीन पंखे, त्यातला एक नुसता आवाजाचा. एप्रिलातलं सोलापूर, संध्याकाळी सहालासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही. जिना अरुंद आणि कठडा हलतो, गुडघेवाल्यांनी विचार करून चढावं. पडद्यावर दाखवतात ते सगळं इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. सर बोलतात मात्र स्वच्छ मराठीत, मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं. चहा फीमध्ये नाही, खाली टपरीवर 10 रुपये. दुसऱ्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर सरांचा चेहरा पडला. मग कुणीतरी सांगितलं, आज निम्म्या गावात पाण्याचा दिवस आहे. चार-पाच दिवसांनी नळ येणार म्हटल्यावर रशियाचा पहिला अध्यक्ष येल्त्सिन, त्याला कोण विचारतो?

पैसे भरले तेव्हा टेबलावरच्या पोरानं वहीत नाव लिहून घेतलं. पावती मागितली तर म्हणाला, "देतो की काका, छापायला टाकल्यात."

पहिल्या संध्याकाळी सोव्हिएत काळ. कारखाना सरकारचा, त्याचा माल घेणारा कारखानाही सरकारचा, आणि दोघांत भांडण झालं तर ते मिटवायला 'गोसअर्बित्राझ' नावाचं सरकारी लवाद खातं. बाकीच्या कोर्टांत महत्त्वाचा खटला असला की पक्षाच्या कचेरीतून न्यायाधीशाला फोन जायचा. लोकांनी त्याला नावच पाडलं होतं, 'टेलिफोन कायदा'. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा त्या लवाद खात्याचीच व्यापारी कोर्टं झाली. माणसं बरीचशी तीच, दारावरची पाटी तेवढी नवी.

पुढच्या रांगेत एक आजोबा बसायचे. मागावर आयुष्य गेलेलं, लाल बावट्याच्या मोर्चात चाललेले. ते लगेच उठले. "फोन तिकडंच जात होते का? इकडं कुणाला फोन नव्हते?" सर हसले. म्हणाले, "आजोबा, फरक एवढाच की इथं फोन गेला तर वरच्या कोर्टात अपिलात जाता येतं. तिथं वरच्या कोर्टाचा फोनही त्याच कचेरीतून." आजोबांचं समाधान झालं नाही. माझंही अर्धंच झालं.

दुसरी संध्याकाळ सगळ्यात चांगली, पण त्या दिवशी पाणी होतं म्हणून निम्म्यांची हुकली. सरांनी फळ्यावर नुसती सालं लिहिली. ऑक्टोबर 1992 पासून रशियात प्रत्येक नागरिकाला सरकारी कारखान्यांच्या मालकीसाठी 10,000 रुबलचं व्हाउचर मिळालं. 1994 च्या मध्यापर्यंत ती योजना आटोपली, हजारो कारखाने खासगी झाले. नव्या दिवाणी संहितेचा पहिला भाग लागू झाला 1 जानेवारी 1995 ला. भागधारकांच्या कंपन्यांचा कायदा 1996 ला. आणि बेलीफांचा कायदा 1997 ला.

मी दोनदा वाचलं. आधी मिळकत वाटली, मग मिळकत म्हणजे काय ते लिहिलं, मग कंपनी म्हणजे काय ते, आणि कोर्टाचा हुकूम घेऊन दारात जाणारा माणूस सगळ्यात शेवटी. आमच्याकडं एखाद्या बेलीफानं आधी लिलाव करून मग जाहीरनामा चिकटवला असता तर नाझरानं, म्हणजे आमच्या वरच्या कोर्टातल्या अधिकाऱ्यानं, त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

मधल्या पाच वर्षांत उधारी वसूल कोण करत होतं? गुंड. त्याला तिकडचा शब्द 'क्रिशा', म्हणजे छप्पर. दुकानदारानं कुणाच्या तरी छपराखाली जायचं, दर महिन्याला पैसे द्यायचे, आणि कुणी बुडवलं तर छपराचीच पोरं जाऊन आणायची. कोर्टाचे वसुली कर्मचारी होते, पण थोडे, पगार तुटपुंजा, हातात अधिकार नाही. हे ऐकताना मी जरा खाली बघत होतो. माझ्या पहिल्या काही वर्षांत जप्तीला जायचं तर दरखास्तदारच, म्हणजे ज्याची वसुली करायची तोच, रिक्षा करायचा, वाटेत चहा पाजायचा, आणि मी रिक्षात बसायचो. भत्ता इतका कमी की दुसरा मार्ग नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ज्याच्या रिक्षातून उतरलो त्याच्या विरुद्ध पक्षाला मी काय दिसत असेन, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आजोबांनी व्हाउचरचं विचारलं. ते घेऊन लोकांनी केलं काय? बहुतेकांनी कारखान्यात किंवा गुंतवणुकीच्या फंडात घातलं, कित्येकांनी रस्त्यावर विकून टाकलं. 1992 या एका वर्षात तिथल्या किमती सुमारे 26 पट झाल्या होत्या, घरात जे होतं ते आधीच विरघळलेलं. चेक लोकांचं निराळं. तिथं पुस्तिकेचे 35 आणि नोंदणीचे 1000 क्राउन भरून कूपन मिळायचं, आणि ते आमच्या फंडात द्या, दसपट करून देतो, अशा जाहिराती. पुढं काही फंडांच्या आणि कंपन्यांच्या चालकांनी आतून माल काढून नेला. वरून कंपनी शाबूत, आत पोकळ. चेक भाषेत त्याला 'बोगदा खणणं' म्हणतात. आजोबा म्हणाले, "आमच्या गिरणीला कुलूप लागलं तेव्हा बोगदा कुठनं खणला ते आम्हाला आजवर घावलं नाही."

तिसरी संध्याकाळ लिलावाची, आणि इथं मी सरांवर खूश झालो. 1995 मध्ये रशियन सरकारकडं पैसा नव्हता. मोठ्या कंपन्यांचे शेअर गहाण टाकून त्यांनी बँकांकडून कर्ज घेतलं, आणि गहाण कुणाकडं ठेवायचं यासाठी लिलाव केले. नोरिल्स्क निकेलच्या 38 टक्के शेअरची सरकारी किंमत 17 कोटी डॉलर. लिलाव चालवणारी बँक तीच आणि जिंकणारीही तीच, 17 कोटी 1 लाख डॉलरला. दुसऱ्या एकाची बोली दुपटीहून जास्त होती, ती 'हमी पुरेशी नाही' म्हणून बाद. सरकारनं कर्ज फेडलं नाही, शेअर गेले ते गेलेच.

आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 21 आहे, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची. त्यातला नियम 73 असा की लिलावाच्या कामाशी ज्याचा संबंध, त्यानं त्यात बोली बोलायची नाही. बेलीफानं नाही, नाझरानंही नाही. नियम 72 म्हणतो की ज्याच्या बाजूनं हुकूमनामा झाला त्यालासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही. जप्तीतली जुनी सायकल आवडली तरी मी ती घेऊ शकत नव्हतो. (एकदा आवडली होती. हर्क्युलस.) आणि तिथं अख्खी निकेलची खाण, हातोडा मारणाऱ्याच्याच घरी. मी हे वर्गात बोललो. तेव्हापासून सर मला "बेलीफसाहेब" म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर 600 रुपये तिथंच वसूल झाले.

चौथ्या दिवशी हंगेरी. 1994 च्या कायद्यानं तिथं बेलीफ स्वतंत्र केले. पगार नाही, वसुलीवर फी. ऐकायला छान वाटतं. पण 2021 मध्ये बेलीफांच्या मंडळाच्या अध्यक्षाला अटक झाली, आणि त्याच्याकडून पैसे घेऊन बेलीफांच्या नेमणुकांत हात घातल्याच्या आरोपावरून न्याय खात्याच्या उपमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. सरांनी हे दोन मिनिटांत उरकलं आणि घटना न्यायालयांवर तास घालवला. मला उलट हवं होतं. घटना न्यायालयाचा निकाल पेपरात येतो. बेलीफ घरात येतो. आमच्या कायद्यात कलम 60 आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र आणि कारागिराची अवजारं जप्त करता येत नाहीत. पूर्व भागात मी एका पतसंस्थेचं वॉरंट घेऊन गेलो होतो. हातमाग सोडला, तो अवजार. शेजारच्या खोलीत दोन यंत्रमाग. घरमालक म्हणतो, हेही माझं अवजारच की. बाईनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो, पंचनाम्यात दोन्ही बाजू लिहिल्या आणि परत आलो. असा प्रसंग हंगेरीच्या बेलीफावर येतो तेव्हा, वसुली झाली तर कमाई वाढणार असताना, तो काय लिहितो? विचारलं. सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि पुढची स्लाइड लावली.

पाचव्या दिवशी जॉर्जिया आणि युक्रेन. जॉर्जियात 2004 मध्ये वाहतूक पोलिसांचं खातंच मोडून सुमारे 16 हजार जणांना घरी पाठवलं, नव्यांना पगार वाढवून दिले, ठाणी काचेची बांधली. दाखले-नोंदणीसाठी एकाच छताखाली खिडक्या केल्या. चिरीमिरी खरोखर आटली. पण त्याच राजवटीत फौजदारी खटल्यात उभा राहिलेला माणूस क्वचितच सुटायचा, शंभरात 99 हून जास्त दोषी. युक्रेननं 2019 पासून भ्रष्टाचाराच्या खटल्यांसाठी वेगळं उच्च न्यायालय चालू केलं. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षालाच 27 लाख डॉलरच्या लाचेच्या आरोपावरून पकडलं. सोफ्यावर मांडलेल्या डॉलरच्या गड्ड्यांचा फोटो सरांनी दाखवला, तेवढी एक स्लाइड मागच्यांनाही दिसली. माझ्या शेजारी साखर पेठेतली लॉच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, हा माणूस पकडला म्हणजे सिस्टीम बिघडलीय की चालतीय?" मी म्हटलं, "वॉरंट बजावणाऱ्याला विचार, त्याला दारात किती वेळ थांबवलं." अल्बानियातल्या 1997 च्या बुडीत ठेव योजनांचं तिनंच विचारलं. तिच्या आत्याचे पैसे इथल्या भिशीत गेले होते. देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्या रकमेच्या ठेवी, आणि बुडाल्यावरच्या दंगलीत 2000 च्या आसपास माणसं मेली, एवढंच सांगून सर पुढं गेले.

चीन आणि व्हिएतनामला सहा दिवसांत दहा मिनिटं. पक्ष तोच ठेवून बाजार आणणारे देश वगळायचे तर विषयाचं नाव तरी बदलायचं.

सहावी संध्याकाळ वाया. प्रमुख पाहुणे, शाल, नारळ, 'भारतानं काय शिकावं' यावर भाषण. पाहुण्यांनी येल्त्सिनला दोनदा गोर्बाचेव्ह म्हटलं. आजोबा मधूनच उठून गेले, मीही गेलो असतो, पण पावती राहिली होती. टेबलावर गेलो. पोरानं आज खरंच पुस्तक काढलं, फाडून दिली, शिक्काही मारला. बघतो तर अनुक्रमांकाची जागा मोकळी.

"नंबर?"

"त्याचं काय काका, रक्कम बरोबर आहे न्हवं?"

मी खिशातलं पेन काढून 1 घातला आणि त्याच्या स्थळप्रतीवरही घातला. मागं उभ्या असलेल्या साखर पेठेच्या पोरीनं तिची पावती पुढं केली. म्हणाली, "माझ्यावर 2 घाला."