उबुंटू की लिनक्स मिंट?
विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर, घरचा चालता संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली बसवू पाहणाऱ्या नवशिक्याने, तिच्या उबुंटू आणि मिंट या दोन रूपांपैकी मिंट निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूच्याच पायावर उभी आहे; मात्र तिच्या ‘सिनॅमन’ नावाच्या पडद्यावरील मांडणीत खालची पट्टी आणि डाव्या कोपऱ्यातील मेनू विंडोजसारखाच असल्याने, वर्षानुवर्षे तीच सवय असलेले आईवडीलही गोंधळत नाहीत. जुन्या, कमी रॅमच्या यंत्रासाठी मिंटची एक्सएफसीई ही आणखी हलकी आवृत्ती आहे. उबुंटूची ग्नोम मांडणी देखणी असली, तरी ती नवी सवय मागते. दोन्ही प्रणाली पेनड्राइव्हवरून, संगणकावरील काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येतात. त्या वेळी वायफाय, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन आवर्जून तपासावे.